‘कवटी न उघडता’ ब्रेन हॅमरेज बरं? जरा सीटी स्कॅन बघू

फॅमिली ग्रुपवर फिरणारा मजकूर थोडक्यात असा: “ब्रेन हॅमरेज कसलंही असो, आता कवटी न उघडता बारीक छिद्रातून रक्त ओढून घेतात, पेशंट दोन दिवसांत चालत घरी. डॉक्टर ‘थांबू’ म्हणाले तर हॉस्पिटल बदला. तोपर्यंत ॲस्पिरिन द्या.”

‘कवटी न उघडता’: उघडावी लागतेच, फक्त कमी. हाडाची छोटी चकती काढून मेंदूच्या दोन वळ्यांमधल्या घडीतून करंगळीएवढी, साधारण 13.5 मिमी जाडीची नळी साकळलेल्या रक्तापर्यंत सरकवतात. वाटेतला मेंदू कमी दुखावतो, ही खरी जमेची बाजू.

‘कसलंही असो’: इथेच गोम आहे. या नळीच्या ऑपरेशनची नुसत्या औषधोपचाराशी तुलना करणाऱ्या, अमेरिकेतल्या 37 केंद्रांवर 300 रुग्णांवर झालेल्या ‘एनरिच’ चाचणीचे निष्कर्ष 2024 मध्ये आले. घेतले कोणते रुग्ण? 30 ते 80 मिली रक्त साठलेले आणि 24 तासांच्या आत ऑपरेशन होऊ शकणारे. 30 दिवसांतले मृत्यू 18 टक्क्यांवरून 9.3 टक्क्यांवर आले. ही काही लहान गोष्ट नाही. पण सुधारणा दिसली ती मेंदूच्या पृष्ठभागाजवळच्या रक्तस्रावात. खोल गाभ्यातल्या रक्तस्रावात फायदा दिसेना, म्हणून 175 रुग्णांनंतर तसे रुग्ण घेणंच थांबवलं. आणि बीपीमुळे होणारा रक्तस्राव बहुतेकदा खोलवरच होतो. (चाचणीचा खर्च नळी बनवणाऱ्या कंपनीचा होता, हेही लक्षात असू द्या.)

‘दोन दिवसांत घरी’: या चाचणीत माणूस किती सावरला ते सहा महिन्यांनी मोजलं. 1 म्हणजे ठणठणीत, 0 म्हणजे मृत्यू किंवा अंथरुणाला पूर्ण खिळलेला. ऑपरेशनवाल्यांची सरासरी 0.458, नुसत्या औषधोपचारवाल्यांची 0.374. फरक आहे, चमत्कार नाही. रक्त काढता येतं. मेलेल्या पेशी परत येत नाहीत.

‘थांबू म्हणाले तर हॉस्पिटल बदला’: थांबणं म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नव्हे. तासाभरात वरचं बीपी 140 च्या खाली आणणं, साखर आणि ताप आवरणं, रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचा परिणाम उतरवणं, हे सगळं एकत्र केलेल्या रुग्णांचं अपंगत्व नेहमीच्या उपचारांपेक्षा कमी भरलं, असं सात हजारांवर रुग्णांच्या ‘इंटरॅक्ट 3’ चाचणीत 2023 मध्ये दिसलं. भारतातले रुग्णही त्यात होते. उलट लहान मेंदूत मोठा रक्तस्राव असेल तर सर्जन स्वतःच घाई करतील. तेव्हा हॉस्पिटल बदलण्याआधी दोनच प्रश्न विचारा: रक्त नेमकं कुठे आहे, आणि किती मिली?

ॲस्पिरिनचं काय? तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, एवढ्यावरून शीर फुटली की तुंबली ते घरी कुणालाच कळत नाही. फुटली असेल तर ॲस्पिरिनने रक्तस्राव वाढू शकतो. गोळी डब्यातच राहू द्या आणि 108 ला फोन करा.