आत्याबाईला मिशा असत्या तर

जानेवारी आला की आमच्या बेळगावात ‘असं झालं असतं तर’चा हंगाम सुरू होतो. चौदाला पानिपत, सतराला हुतात्मा दिन, बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणून १९५६ साली जीव दिलेल्यांचा. मधल्या दोन दिवसांत लोक तिळगूळ चघळत १७६१ वरून १९५६ वर पोचतात. उद्यमबागेत आमच्या वर्कशॉपसमोरच्या चहाच्या गाड्यावर यंदाही तेच चाललं होतं. विश्वासरावांना गोळी लागली नसती तर पानिपत जिंकलो असतो, पानिपत जिंकलो असतो तर इंग्रजांची टाप नव्हती, इंग्रज नसते तर मुंबई इलाखा नाही, म्हैसूर राज्य नाही, “आणि आपण आरामात महाराष्ट्रात की ओ!” एवढं बोलून एका काकांनी बशीतला चहा ओढला.

मी म्हटलं, आत्याबाईला मिशा असत्या तर तिलाही काकाच म्हटलं असतं. सगळे हसले. मी मात्र निम्मा चेष्टेत आणि निम्मा वैतागून बोललो होतो. तो निम्मा वैताग इथं लिहितोय.

मला जर-तरचं वावडं नाही. उलट लेथवर दिवसभर उभं राहिल्यावर डोकं दुसरं करणार तरी काय? पण एक कडी बदलायची आणि पुढची सगळी साखळी आपल्या सोयीनं ओवायची, हे मला पटत नाही. पानिपतचंच घ्या. हरलो, मान्य. पण अकरा वर्षांत, १७७२ च्या जानेवारीत, मराठ्यांनी शाहआलमला दिल्लीच्या तख्तावर नेऊन बसवलं. म्हणजे पानिपतनं सगळं संपलं नव्हतं. त्याच वर्षी नोव्हेंबरात माधवराव क्षयानं थेऊरला गेले. वय सत्तावीस. मला एकच गोष्ट बदलायची मुभा दिली, तर मी रणांगणाकडं फिरकणारसुद्धा नाही. थेऊरला एक चांगला वैद्य धाडीन. त्यानं बेळगावचं काय झालं असतं ते विचारू नका, तेवढं लांबचं मला दिसत नाही.

जवळचं दिसतं. बेळगावच्या जर-तरमधला माझा आवडता माणूस पेशवा नाही, सायकलवाला आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली इथं सायकलचा धंदा सुरू केला. पुढं कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर केले. मग नगरपालिकेला वस्ती वाढवायला जागा हवी झाली आणि कारखान्याला गाशा गुंडाळावा लागला. औंधच्या राजांनी कुंडल स्टेशनजवळचं ओसाड माळरान दिलं, आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. आमच्या वाट्याला उरला किर्लोस्कर रोड. तिथं आता नांगर सोडून सगळं मिळतं.

ती जागा सोडावी लागली नसती तर? तलवार नाही, तोफ नाही, नगरपालिकेचा एक कागद. मी इथं पंपाचे पार्ट टर्निंग करून दुसऱ्यांच्या गावाला पाठवतो. कदाचित अख्खा पंप इथूनच निघाला असता. पण कारखाना तेवढा मोठा झाला असता तर १९५६ साली बेळगावसाठी ओढाताण दुप्पट झाली असती, हेही धरायला हवं. ज्या जर-तरमध्ये आपल्या पदरचं काहीच जात नाही, तो नुसता नवस.

आता आत्याबद्दल. आमची खरीखुरी आत्या आहे. आत्तीच म्हणतो आम्ही तिला, कानडीतही अत्तेच म्हणतात. बाचीच्या अलीकडचं आमचं गाव, आणि १९५५ साली तिला दिली शिनोळीला. वेंगुर्ला रोडनं सायकल मारत जाण्याइतकं अंतर. तेव्हा शिनोळीचा चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यातच होता. राज्यांची फेररचना ठरवणाऱ्या फाजल अली आयोगानं जिल्हा हा घटक धरून बेळगाव कर्नाटकाला द्यायला सांगितलं, पण चंदगड तेवढा बाजूला काढला. १ नोव्हेंबर १९५६ ला चंदगड मुंबई राज्यात कोल्हापूरला जोडलं गेलं आणि आम्ही म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात. सतरा वर्षांची आत्ती जागची हलली नाही, तरी माहेर परराज्यात गेलं.

म्हणून म्हणतो, बेळगाव महाराष्ट्रात असतं तर काय झालं असतं, याची कल्पना करायला पानिपतला जायची गरज नाही. बाचीहून शिनोळीला जा. एकच माती, एकच भात, एकच बोली. तिथं सातबारा मराठीत मिळतो, आमच्याकडं पहाणी कन्नडमध्ये. आत्तीचा थोरला सगळं मराठीतून शिकून मास्तर झाला. मला सातवीनंतर कळलं की सरकारी नोकरीचा रस्ता कन्नडमधून जातो. हा फरक खरा आहे, आणि तो किरकोळ आहे असं कुणी बंगळूरहून सांगू नये. पण तिचा धाकटा पोटासाठी मुंबईला गेला तो गेलाच, आणि मी घरचा डबा खाऊन उद्यमबागेत कामाला येतो. त्यांना कलेक्टर कचेरीसाठी कोल्हापूर गाठावं लागतं, आणि दवाखाना, बाजार, लग्नाची खरेदी सगळं बेळगावात. “तुम्हाला महाराष्ट्र पायजे, आम्हाला बेळगाव पायजे,” असं आत्ती म्हणते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तिच्या बीपीच्या गोळ्या मी नाक्यावरच्या लोखंडी कठड्यावरून तिच्या नातवाच्या हातात दिल्या. पाकीट माझ्या हातात होतं तोवर कर्नाटकात होतं.

सीमावादासाठी केंद्रानं नेमलेल्या महाजन आयोगाचंही असंच. १९६७ चा अहवाल: बेळगाव कर्नाटकातच, निपाणी, खानापूर, नंदगडसह २६४ गावं महाराष्ट्राला, जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडची २४७ गावं कर्नाटकाला. महाराष्ट्रानं फेटाळला, माझ्या मते बरोबर फेटाळला. पण समजा मानला असता? कित्तूरसाठी इंग्रजांशी लढलेल्या संगोळी रायण्णाला १८३१ साली जिथं फाशी दिली, ते नंदगड महाराष्ट्रात गेलं असतं. दर २६ जानेवारीला तिथं येणारी कन्नड माणसं नाका ओलांडून आली असती आणि ‘इथल्या पाट्या कन्नडमध्ये का नाहीत?’ म्हणून भांडली असती. आपल्याला तो प्रश्न ओळखीचा वाटला असता का, एवढंच मला बघायचं होतं.

माझा जर-तर एका शब्दाचा आहे: घटक. आंध्र-मद्रासच्या सीमेच्या वादात मध्यस्थ पाटसकरांनी गाव हा घटक धरला आणि रेघ मारून दिली. तोच शब्द इथं १९५६ सालीच वापरला असता, तर? काही गावं इकडं, काही तिकडं, शहरावरून भांडण झालंच असतं. पण २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेला खटला बहुधा उभाच राहिला नसता. १९४६ साली संयुक्त महाराष्ट्राचा ठराव ज्या बेळगावच्या साहित्य संमेलनात झाला, तेच बेळगाव बाहेर राहिलं. याच्यापुढं कल्पना काय चालवणार?

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी तिळगूळ घेऊन शिनोळीला गेलो. माहेरच्या जमिनीच्या पहाणीवर वारस म्हणून तिचं नाव लागलंय, तो कागद बरोबर नेला होता. आत्ती चौथी शिकलेली, पेपर वाचते. चष्मा लावून बराच वेळ बघत बसली. “ह्यात मी कुठली?” मी बोट ठेवून दाखवलं. तिनं त्या गोल गोल अक्षरांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, “बरं दिसतंय की.”

मग मी तिला गाड्यावरची गंमत सांगितली, पानिपत आणि आत्याबाईच्या मिशा. तिनं वरच्या ओठावर बोट फिरवलं.

“आल्यात की रे आता. म्हण काका.”