लवंगी फटाका, सायलो आणि एक रागावलेली प्रतिक्रिया

'फॉलआउट ७६' या व्हिडिओ गेमवरच्या माझ्या लेखाखाली एक लांबलचक, मनापासून चिडून लिहिलेली प्रतिक्रिया आली आहे. 'अभिप्रायाबद्दल आभार' एवढ्यावर तिची बोळवण करणं बरं दिसणार नाही. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा गोषवारा असा. मी सायलोत, म्हणजे क्षेपणास्त्राच्या भूमिगत कोठारात, शिरून अणुक्षेपणास्त्र डागण्याचं वर्णन रंगवून केलं होतं. वाचक म्हणतात, ज्या अस्त्राने एकट्या हिरोशिमात १९४५ संपेपर्यंत लाखाच्या वर माणसं मारली, त्याचा या गेमने लवंगी फटाका करून ठेवलाय आणि तुम्ही वर टाळ्या पिटताय. खऱ्या क्षेपणास्त्रतळावर असा पोरखेळ चालतो का? मोहिमेला गीतेतल्या वचनाचं नाव देणं तर कहरच. आणि असली मालिका आपल्याकडे विकू देतातच कशी?

लवंगी फटाक्याबद्दल तुमच्याशी भांडणार नाही. हा गेम नोव्हेंबर २०१८मध्ये आला आणि पहिल्या महिन्यापासून त्यातलं क्षेपणास्त्र म्हणजे लुटीचं साधन झालं. ते कुठे पडणार ते सगळ्यांच्या नकाशावर दिसतं, पळायला वेळ मिळतो. मग किरणोत्सर्गी पट्ट्यात पॉवर आर्मर नावाचं यांत्रिक चिलखत चढवून लोक उलट धावत आत जातात, कारण तिथली झाडंझुडपं खुडली की 'फ्लक्स' मिळतो आणि त्यातून भारी सामान बनतं. एखाद्याच्या घरावर क्षेपणास्त्र टाकणं ही तर थट्टा झाली आहे. २०२४मध्ये खुद्द एक्सबॉक्सच्या (मायक्रोसॉफ्टचं गेम खेळायचं यंत्र) तेव्हाच्या प्रमुखांच्या, फिल स्पेन्सर यांच्या गेममधल्या तळावर एकाने टाकलं आणि त्याची बातमी झाली. अशा घराची डागडुजी थोड्या लाकूड-लोखंडात होते. बॉम्बची किंमत तेवढीच.

पण हे कशामुळे झालं, याचं तुमचं उत्तर मला पटत नाही. तुम्ही म्हणता, मजा आणली म्हणून. याच मालिकेतला २००८चा 'फॉलआउट ३' बघा. त्यात मेगाटन नावाचं एक गाव आहे, न फुटलेल्या अणुबॉम्बच्या भोवती वसलेलं. काही लोक त्या बॉम्बची पूजा करतात. तुम्ही गावात फिरता, शेरीफ लुकस सिम्स बॉम्ब निकामी करून दे म्हणतो, मोइरा ब्राउन नावाची दुकानदारीण डोकं खाते, पण तिचा राग येत नाही. आणि दारूच्या गुत्त्यात बसलेला बर्क नावाचा सूटवाला हळूच सांगतो, गाव उडवून दे, पैसे देतो. का, तर टेनपेनी टॉवरच्या सज्जातून दिसणाऱ्या देखाव्यात ते गाव खुपतं. हो म्हटलंत तर त्याच सज्जात उभं राहून बटण तुम्हालाच दाबावं लागतं. आकाश पांढरं होतं, गाव जातं. पुढे रेडिओवरचा थ्री डॉग त्याबद्दल बोलतो. आणि ती मोइरा तुम्हाला पुन्हा भेटते, कातडी जळून घूल (किरणोत्सर्गाने विद्रूप झालेलं माणूस) झालेली, तरी पूर्वीइतकीच बडबडी. मला तिच्याशी बोलायला जड गेलं. तो स्फोटसुद्धा बघायला देखणाच होता, गेम तोही मजेचाच होता.

फरक एवढाच की तिथे खाली माणसं होती. '७६' आला तेव्हा त्यात इतर खेळाडू सोडले तर एकही जिवंत माणूस नव्हता. होते ते यंत्रमानव, टेपवर रेकॉर्ड केलेले मेलेल्यांचे आवाज आणि राक्षस. रिकाम्या नकाशावर टाकलेला बॉम्ब हा फटाकाच होणार. एप्रिल २०२०मध्ये गेममध्ये माणसं आणली, पण तोवर खेळाडूंचा हात बसला होता. माझी तक्रार असेल तर इथे आहे.

आता पोरखेळाबद्दल. इथे मात्र गेमची बाजू घेतल्याशिवाय राहवत नाही, कारण सायलोचा भाग त्यांनी फार नेमका पकडलाय, कदाचित त्यांच्याही नकळत. आधी उडत्या मालवाहू यंत्राला पाडून कीकार्ड मिळवायचं. कोडचे तुकडे मेलेल्या अधिकाऱ्यांकडून गोळा करून सांकेतिक लिपी सोडवायची. मग अल्फा, ब्राव्हो किंवा चार्लीपैकी एका सायलोत उतरून यंत्रमानवांशी झुंजत अणुभट्टी दुरुस्त करायची, संगणकाचे भाग बदलायचे, शेवटी आठ आकडी कोड मारायचा. प्रत्यक्षात लिपी सोडवत कोण बसतो? दर आठवड्याचे कोड इंटरनेटवर तयार मिळतात. जगबुडीचा कोड लोक कूपनसारखा उतरवून घेतात. (जानेवारी २०१९मध्ये तर तिन्ही सायलो बंदच पडले. नवीन वर्ष लागलं आणि कोड चालेनात. कंपनीला दुरुस्ती करावी लागली.)

तुम्हाला हे अशक्य वाटतं. ब्रूस ब्लेअर यांचं नाव बघा. सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीला ते मॉन्टानात अमेरिकेच्या मिनटमन या अणुक्षेपणास्त्रांवर प्रक्षेपण अधिकारी होते, पुढे अण्वस्त्रनियंत्रणाचे नावाजलेले अभ्यासक झाले. २००४मध्ये त्यांनी लिहिलं की वॉशिंग्टनने सक्तीने बसवायला लावलेल्या कुलपांचा कोड हवाई दलाने सरळ आठ शून्यं असा ठेवला होता आणि १९७७पर्यंत तो तसाच होता. ऐनवेळी खोळंबा नको म्हणून! हवाई दलाने पुढे याचा इन्कार केला. पण साउथ डकोटातल्या डेल्टा-०१ या तळाचा इन्कार कुणी करू शकत नाही, कारण तो आज संग्रहालय आहे. तिथल्या भूमिगत खोलीच्या पोलादी दारावर अधिकाऱ्यांनी पिझ्झाच्या खोक्याचं चित्र रंगवलंय. खाली मजकूर: तीस मिनिटांत किंवा त्याआधी जगभर घरपोच, नाहीतर पुढचा फुकट. तीस मिनिटं हा क्षेपणास्त्राच्या प्रवासाचा खराखुरा अंदाज. वर्षानुवर्षं पाळीवर बसून काढणाऱ्यांना थट्टा सुचतेच. गेमने चूक केली ती वेगळीच: खऱ्या तळावर दोन अधिकाऱ्यांना एकाच वेळी किल्ल्या फिरवाव्या लागत, आणि कुलपं एवढ्या अंतरावर की एकाचे दोन्ही हात पोचू नयेत. शिवाय दुसऱ्या केंद्रातल्या जोडीचाही होकार लागे. गेममध्ये मी एकटा उतरतो, एकटा डागतो. विचारणारं कोणी नाही. याच्यावर तुम्ही बोट ठेवलं असतंत तर मी निमूट ऐकून घेतलं असतं.

आणि व्हाइटस्प्रिंग! लेखात जागेअभावी ते राहून गेलं, पण तुमच्या प्रतिक्रियेमुळे सांगायची संधी मिळाली. गेम घडतो वेस्ट व्हर्जिनियात. सुरुवातीच्या काळात सगळे जण क्षेपणास्त्र टाकायचे ते तिथल्या व्हाइटस्प्रिंग नावाच्या आलिशान रिसॉर्टवर, कारण गोल्फच्या मैदानावर घूल झुंडीने असतात आणि स्फोटानंतर त्यांना मारलं की भराभर लेव्हल वाढते. हे रिसॉर्ट म्हणजे व्हाइट सल्फर स्प्रिंग्जमधलं खरं ग्रीनब्रायर हॉटेल. १९५८पासून त्याच्या एका नव्या इमारतीखाली अमेरिकी काँग्रेससाठी गुप्त बंकर खोदला गेला, सुमारे ११०० जणांच्या झोपण्याची सोय असलेला. त्याची देखभाल करणारे लोक हॉटेलात टीव्ही दुरुस्त करणारे म्हणून वावरत. बंकरचंच एक दालन प्रदर्शनासाठी भाड्याने दिलं जाई आणि आपण कुठे उभे आहोत याचा पाहुण्यांना पत्ता नसे. १९९२मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये टेड गप यांनी ते उघड केलं, तोवर तीस वर्षं काँग्रेसच्या सुटकेची जागा लोकांच्या जेवणाच्या टेबलाखाली सज्ज होती. गेममध्येही खाली बंकर आहेच. कृषिमंत्री एकहार्ट तिथे स्वतःला राष्ट्राध्यक्ष घोषित करतो. जग बेचिराख झालंय, पण त्याला अजून बॉम्ब टाकायचेत आणि स्वयंचलित यंत्रणा पुरेसा धोका दिसल्याशिवाय सायलो उघडत नाही. म्हणून तो धोकाच निर्माण करतो, राक्षस मोकळे सोडतो. ज्या राणी राक्षसिणीवर आम्ही खेळाडू आनंदाने क्षेपणास्त्र टाकतो, तिच्या जातीची ही कुळकथा. एवढी कडू गोष्ट टर्मिनलवरच्या नोंदींत पुरून ठेवलीय, आणि बहुतेक लोक त्या न वाचताच कोड मारतात. हा गेमचाही करंटेपणा आणि खेळणाऱ्यांचाही.

गीतेचं म्हणाल तर 'आय अ‍ॅम बिकम डेथ' हे मोहिमेचं नाव गीतेवरून कमी, अणुबॉम्बचे जनक ओपेनहायमर यांच्यावरून जास्त आलंय. अकराव्या अध्यायातलं ते वचन त्यांनी १९६५मध्ये टीव्हीवर ज्या चेहऱ्याने उच्चारलं, तो बघून त्यात अवमान शोधावासा वाटत नाही.

राहिला विक्रीचा प्रश्न. 'फॉलआउट ३' निघाला तेव्हा एक्सबॉक्सवर भारतात विकला गेलाच नाही. ऑक्टोबर २००८मध्ये मायक्रोसॉफ्टने सांस्कृतिक संवेदनशीलतेचं कारण देऊन तो इथे न आणायचं ठरवलं. नेमकं काय खटकलं ते सांगितलं नाही, पण त्यातल्या दोन डोक्यांच्या गाईंना 'ब्राह्मिन' म्हणतात, तेवढ्यावरून ज्याने त्याने तर्क केला. जपानमध्ये त्याच वर्षी गेम विकला गेला, मात्र दोन बदल करून: 'फॅट मॅन' (नागासाकीवरच्या बॉम्बचं नाव) नावाच्या अस्त्राचं नाव बदललं, आणि मेगाटन उडवायचा पर्याय काढून टाकला. तिथे बर्क भेटत नाही.