कॅट ८ ची गरज नाही

वेगवान इंटरनेटसाठी थेट कॅट ८ केबल घ्या, हा एका लेखातला सल्ला घरगुती वापरासाठी पटला नाही. (कॅट ५ई, ६, ८ हे इंटरनेटच्या तारेचे, म्हणजे नेटवर्क केबलचे, चढत्या क्षमतेचे प्रकार.) ३००-५०० एमबीपीएसच्या प्लॅनला कॅट ५ई पुरते. ती १०० मीटरपर्यंत १ जीबीपीएस (म्हणजे १००० एमबीपीएस) वाहून नेते. भिंतीतून नवी केबल टाकणार असाल तर मात्र कॅट ६ टाका, पुन्हा भिंत कोण फोडणार!

खरी मेख वेगळीच असते. फायबरचा डबा ते राउटर या तुकड्यात आठपैकी चारच तारा जोडलेल्या असतील, तर वेग १०० एमबीपीएसच्या पुढे जातच नाही आणि लोक बिचारे राउटर बदलत बसतात. आधी दोन्ही टोकांचे कनेक्टर नीट बघा. केबल मागताना शुद्ध तांब्याचीच मागा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार लवकर तुटते.