‘कामिनी’ची गोळी आणि डिप्रेशनची गोळी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचे आक्षेप आधी इथेच मांडतो, म्हणजे नव्याने वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. शीघ्रपतनावरच्या माझ्या लेखाबद्दल तुम्ही म्हणता: धडधाकट माणसाला डिप्रेशनच्या गोळ्या सुचवणं ही औषध कंपन्यांची दलाली आहे, त्या गोळ्यांचं व्यसन लागतं, लग्नापासून असलेला त्रास तुम्ही मित्राने दिलेल्या आयुर्वेदिक ‘कामिनी’वर भागवताय आणि ती बिनधोक आहे, खरं कारण लहानपणीचं हस्तमैथुन, ते मी लपवतो, आणि बायकोला दवाखान्यात न्यायची गरजच काय.

‘कामिनी’पासून सुरुवात करतो, कारण बाकीचं थांबू शकतं. तुम्ही लिहिलंय, ‘एखाद्या दिवशी चुकली तर अशक्तपणा येतो, इतकी ती अंगाला मानवलीय.’ डबीवरची घटकांची यादी वाचा. कामिनी विद्रावण रसात अहिफेन, म्हणजे अफू असते. अफूने वीर्यपतन लांबतं, तुम्हाला गुण आला तो त्यामुळेच. पण अफूची सवयही लागते. एक गोळी पुरेनाशी होते, मग दोन लागतात. चुकली की जांभया, नाक गळणं, अंगदुखी, जुलाब. ज्याला तुम्ही अशक्तपणा म्हणताय तो बहुधा हाच. रोज घेत असाल तर आज रागाने डबी फेकून देऊ नका. व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञाकडे जा, त्यावर व्यवस्थित उपचार आहेत.

यात आयुर्वेदाची निंदा नाही. आपल्या औषध नियमांत अहिफेन विषारी द्रव्यांच्या यादीत आहे आणि अशी औषधं वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यायची असतात. मित्र म्हणजे देखरेख नव्हे. आणि आमच्या, म्हणजे ॲलोपॅथीच्या, बाजूचे हातही काही स्वच्छ नाहीत. ट्रामाडॉल ही वेदनाशामक गोळीही याच कामासाठी चिठ्ठीशिवाय मागितली जाते. ती त्याच जातीची आणि तशीच गळ्यात पडणारी.

आता डिप्रेशनच्या गोळ्या. त्या घेणाऱ्या रुग्णांमध्ये वीर्यपतनाला उशीर लागतो असं दिसलं, आणि तो दुष्परिणाम इथे उपचार म्हणून वापरात आला. मज्जातंतूंमधलं सेरोटोनिन हे रसायन वाढलं की ही प्रतिक्षिप्त क्रिया संथ होते. तुम्ही उदास आहात असं कोणी म्हणत नाहीये. यांपैकी पॅरॉक्सेटिन रोज घ्यावी लागते, गुण दिसायला आठवडा-दोन आठवडे जातात. ती एकदम बंद केली तर चक्कर, चिडचिड होते, म्हणून डोस हळूहळू उतरवतात. पण अफूसारखी तलफ येत नाही. डॅपॉक्सेटिन रोज लागत नाही, संबंधाच्या एक ते तीन तास आधी घेतात. मळमळ होते, क्वचित भोवळ येऊन माणूस पडतो, म्हणून दारूसोबत नको, हृदयविकार असेल तर नको, आणि मनोविकाराची इतर औषधं चालू असतील तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय तर नकोच. गोळी थांबली की त्रास बऱ्याचदा परत येतो, हेही आधीच माहीत असलेलं बरं. गोळी नकोच असेल तर बधिर करणारं मलम आहे. ते वेळेवर पुसून टाका किंवा वर कंडोम वापरा, नाहीतर बायकोलाही बधिरपणा येतो.

मात्र सगळ्यांनाच औषध लागत नाही. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच देशांतल्या ५०० जोडप्यांनी संभोग सुरू झाल्यापासून वीर्यपतनापर्यंतची वेळ घड्याळ लावून मोजली. मधला आकडा ५.४ मिनिटं आला. (भारत त्यात नव्हता.) पॉर्न बघून ‘अर्धा तास हवा’ म्हणणाऱ्याला मी गोळी लिहून देत नाही. पहिल्या संबंधापासून कायम मिनिटभराच्या आतच होतं, थोपवता येत नाही आणि त्याचा मनस्ताप होतो, त्याचा आजार खरा. तुम्ही लग्नापासून म्हणता, म्हणजे बहुधा तुमचा हाच. आधी सगळं ठीक होतं आणि मग बिघडलं, असं असेल तर थायरॉइड, प्रोस्टेटची सूज, ताठरतेची अडचण हे आधी तपासायचं.

हस्तमैथुनाने हा आजार होत नाही. र. धों. कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’मध्ये वाचकांच्या असल्याच प्रश्नांना उत्तरं दिली, त्यावरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. बचावाला डॉ. आंबेडकर उभे होते, तरी दंड झालाच. इतकी वर्षं उलटली आणि मी पुन्हा तेच उत्तर टंकतोय!

राहिला बायकोचा मुद्दा. तिला दवाखान्यात ओढून न्या असं मी लिहिलेलं नाही, तिला सांगा असं लिहिलंय. तुम्ही रात्री उशिरापर्यंत मोबाइल बघत बसता, कूस बदलून झोपता. कारण माहीत नसेल तर आपणच नकोशा झालोय असंच तिला वाटणार. ‘थांबा आणि सुरू करा’ हे तंत्र डॉ. सेमन्स यांनी १९५६ मध्ये मांडलं, तेही जोडीदाराला धरूनच. तिच्या हाताने उत्तेजना, आवरेनासं होण्याच्या जरा आधी तुम्ही खूण करायची, तिने थांबायचं, ओसरलं की पुन्हा. सुरुवातीला संभोग नाहीच. औषध चालू असतानाही हे करता येतं, आणि गोळी उतरवताना त्याचा आधार होतो. यात कधी थांबायचं हे तिला कळायला हवं, म्हणजे आधी तुम्ही बोलायला हवं.