अभ्यासाला बसण्याआधीचा अभ्यास

आमच्या घरी अभ्यास ही रोज संध्याकाळी सहाला सुरू होणारी आणि सातपर्यंत सुरूच न झालेली गोष्ट असते. मधल्या तासाला नुसती टंगळमंगळ म्हणणे अन्यायाचे होईल, कारण त्या तासात चिरंजीव अतोनात कष्ट उपसतात. पेन्सिलला टोक काढायचे, ते फारच टोकदार झाले म्हणून कागदावर घासून बोथट करायचे आणि बोथट झाले म्हणून पुन्हा काढायचे. शार्पनरमधून निघालेली साल न तुटता आली की ती इतिहासाच्या पुस्तकात जपून ठेवायची. एका खोडरबरवरचे डाग दुसऱ्या खोडरबरने खोडायचे. आणि हे सगळे यथासांग पार पडल्यावर गणिताची वही शाळेतच राहिल्याचा शोध लावायचा. इतकी पूर्वतयारी गिर्यारोहकसुद्धा करत नसतील.

सवय लागायला २१ दिवस पुरतात, असे कोणीही छातीठोकपणे सांगते. त्याचे मूळ शोधत गेलो तर ते एका प्लास्टिक सर्जनपाशी सापडले. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला स्वतःच्या नव्या चेहऱ्याची ओळख पटायला निदान २१ दिवस लागतात, असे निरीक्षण मॅक्सवेल माल्ट्झ यांनी १९६० साली नोंदवले होते. त्यातला ‘निदान’ वाटेत कुठेतरी गळाला आणि नाकाचा हिशेब अभ्यासाच्या माथी आला. पुढे फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्ये प्रत्यक्ष माणसांवर अभ्यास केला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात असे दिसले. कोणाला १८ पुरले असते, तर कोणाला २५४ लागले असते. शिवाय ती माणसे प्रौढ होती, सवय त्यांनी आपणहून निवडली होती आणि तीही जेवताना पाणी पिण्यासारखी निरुपद्रवी. आम्हाला यांपैकी एकही सवलत उपलब्ध नाही. एखादा दिवस चुकला तरी सवयीचे फारसे बिघडत नाही, हा त्याच अभ्यासातला दिलासा मी बायकोला वाचून दाखवत असताना पलीकडच्या खोलीतून आवाज आला, “बाबा, मग तो एखादा दिवस आज धरूया का?”

बक्षिसांचा मार्गही आम्ही चोखाळला. भिंतीवर तक्ता लागला, त्यावर तारे चिकटू लागले आणि लवकरच घरात वाटाघाटी सुरू झाल्या. शुद्धलेखनाला एक तारा ठीक आहे, पण जोडाक्षरे असतील तर दोन हवेत, अशी रीतसर मागणी आली. आवडीने चित्रे काढणाऱ्या लहान मुलांना आधीच बक्षीस कबूल केले, तर पुढे मोकळ्या वेळात ती कमी चित्रे काढतात, असे १९७३ मध्येच एका प्रयोगात दिसून आले होते. मात्र ज्यांना बक्षीस अवचित मिळाले, त्यांची गोडी कमी झाली नाही. मुळात जी गोडी नाहीच ती कमी कशी होणार, हा प्रश्न बाजूला ठेवून आम्ही तक्ता उतरवला आणि यापुढे बक्षीस मिळालेच तर अवचित मिळेल, असे जाहीर केले. तेव्हापासून रोज रात्री “आज अवचित काय आहे?” अशी विचारणा होते.

घोकंपट्टीपेक्षा पुस्तक मिटून आठवून सांगणे जास्त टिकते, हे मात्र खरे आहे. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६च्या प्रयोगांत, उतारा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा आठवून लिहिणाऱ्यांना आठवड्यानंतर तो अधिक आठवत होता. आमच्याकडे याचे रूप असे झाले की चिरंजीव गुरुजी आणि मी विद्यार्थी. धडा शिकवायचा म्हणजे आधी वाचावा लागतो, ही अडचण त्यांनी विनातक्रार सोसली आणि मला प्रकाशसंश्लेषण इतक्या तळमळीने समजावले की पानाला लागणारे पाणी मुळांतून येते हे आता मी झोपेतही सांगेन. अडचण एवढीच की गुरुजी कडक आहेत. मधेच मोबाइलकडे नजर गेल्याबद्दल त्यांनी माझ्या वहीत लाल शाईने ‘लक्ष नाही’ असा शेरा मारला आणि खाली पालकांची सही आणण्यास फर्मावले. माझ्या आईने चष्मा लावून तो शेरा दोनदा वाचला, सही केली आणि कोणी मागितलेले नसताना खाली लिहिले, ‘पहिलीपासून असाच आहे.’