१.६१८ आणि बायोडेटाचा फोटो

गेल्या आठवड्यात एक काकू मुलीला घेऊन आल्या. लग्नाच्या बायोडेटासाठी फोटो हवा होता. नारायण पेठेतला आमचा स्टुडिओ बाबांच्या वेळेपासूनचा, त्यामुळे ‘जरा उजळ कर हं’ हे मला नवं नाही. पण या वेळी काकूंनी पर्समधून मोबाइल काढला आणि एक फॉरवर्ड पुढे केला. “हे वाच. आपल्या हातात नसतं गं ते, विज्ञानानंच सिद्ध केलंय.” मुलगी स्टुलावर बसून छताकडे बघत होती.

तोच मेसेज पुढे सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग माहेरच्या. मथितार्थ असा: सुंदर चेहऱ्याची मापं एकमेकांशी १.६१८ या सुवर्ण गुणोत्तरात बसतात, म्हणजे लांबीला रुंदीनं भागलं की १.६१८. चेहऱ्याच्या दोन्ही बाजू सारख्या म्हणजे तब्येत ठणठणीत. बाईच्या कंबरेचं नितंबांशी प्रमाण ०.७ असलेलं जगातल्या सगळ्या पुरुषांना आवडतं. गोरा रंग आवडणं निसर्गानंच पेरलंय. तेव्हा पसंती-नापसंतीवरून कुणाला नावं ठेवू नका. खाली हात जोडलेले तीन.

सुवर्ण गुणोत्तर प्राचीन ग्रीक गणिती युक्लिडच्या भूमितीत आहे, हे खरं. १५०९ साली लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाचं त्यावरचं पुस्तक छापलं गेलं, त्यातल्या घनाकृती लिओनार्दोनं काढल्या, हेही खरं. पण माणसाचा देहच त्या मापानं घडलाय, हा हट्ट १८५०च्या दशकात आडोल्फ झाइसिंग या जर्मन गृहस्थांनी धरला आणि साथ तिथून पसरली. आता मोजायचं कुठून कुठवर, ते सांगा. कपाळ कुठे संपतं? टक्कल पडत चाललेल्या माणसाचं गुणोत्तर दर दिवाळीला बदलणार का? चेहऱ्यावर पुरेशा रेघा मारल्या की कुठली तरी दोन मापं १.६१८च्या आसपास येतातच. (आमच्या धंद्यात चार बाय सहाची प्रिंट १.५ आणि पाच बाय सातची १.४. गिऱ्हाइकांनी अजून तक्रार केलेली नाही.)

चेहऱ्यांच्या बाबतीत खरोखर हाती लागलेली गोष्ट वेगळीच आहे, आणि ती फोटोग्राफीतूनच आली. १८७८च्या सुमारास फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञानं कैद्यांचे फोटो एकाच काचेवर एकावर एक उतरवले. त्याला ‘गुन्हेगाराचा चेहरा’ म्हणून काय असतो ते बघायचं होतं. निघाला तो सगळ्या कैद्यांपेक्षा देखणा माणूस! ११२ वर्षांनी, १९९० साली, टेक्सासमधल्या लँगलॉइस आणि रॉगमन या मानसशास्त्रज्ञांनी संगणकावर चेहरे मिसळून बघितले. अनेकांची सरासरी काढलेला चेहरा सुट्या चेहऱ्यांपेक्षा लोकांना बरा वाटला. म्हणजे डोळ्यांना भावतं त्यात सरासरीचा मोठा वाटा आहे. आणि सरासरी कुणाची, तर आपण आयुष्यभर पाहिलेल्यांची. तुमच्या डोळ्यांखालून कोण गेलं, यावर ती ठरणार.

दोन्ही बाजू सारख्या असण्याचं बोलायचं, तर साधारण सारखा चेहरा लोकांना थोडा अधिक आवडतो, हे मान्य. पण त्यावरून तब्येत वाचता येते का? ब्रिटनमध्ये ४,७३२ किशोरवयीन मुलांचे चेहरे मोजून त्यांच्या लहानपणच्या आजारपणांशी ताडून पाहिले, २०१४ साली ते प्रसिद्ध झालं. संबंध सापडला नाही. आणि हौस असेल तर कुणाच्याही अर्ध्या चेहऱ्याचा आरसा करून तोच दुसरीकडे जोडा. मी कंटाळा आला की करते. अगदी तंतोतंत सारखा चेहरा तयार होतो आणि घरातलेच लोक म्हणतात, हे कोण भूत आणलंस?

कंबर-नितंबांचा ०.७चा आकडा मानसशास्त्रज्ञ देवेंद्र सिंह यांच्या १९९३च्या अभ्यासातला. अमेरिकेत तो टिकला. पेरूच्या जंगलातल्या मात्सिगेन्का पुरुषांना १९९८मध्ये तीच चित्रं दाखवली, तर त्यांनी भरलेल्या कंबरेच्या बायका पसंत केल्या. ज्यांचा बाहेरच्या जगाशी संबंध जास्त, त्यांची पसंती अमेरिकेकडे झुकलेली. ‘जगातले सगळे’ तिथेच संपले.

आता रंग. मेसेजचा खरा जीव यात आहे, बाकी सगळी सजावट. सावळी कातडी हे कडक उन्हातलं संरक्षण आहे. निसर्गाचं म्हणणंच ऐकायचं, तर दख्खनच्या उन्हात त्यानं गोऱ्याची बाजू घ्यायला काही कारण नाही. अजिंठ्याच्या भिंतींवर सावळ्या राजस्त्रिया आहेत, द्रौपदीचं एक नावच कृष्णा. आषाढीआधी पालख्या नाना पेठेत आणि भवानी पेठेत मुक्कामाला येतात, त्या सावळ्या विठ्ठलासाठीच चाललेल्या असतात. उन्हात राबावं न लागणाऱ्याचं अंग उजळ राहतं. तेव्हा गोरेपणात लोक ऐपत बघत आले, जातही बघत आले. मग धंदा आला. ‘फेअर अँड लव्हली’ १९७५ साली बाजारात आली आणि नावातलं ‘फेअर’ निघायला २०२० उजाडलं. निसर्गानंच पेरलेली आवड असती, तर तिला पंचेचाळीस वर्षं जाहिरातीचं खतपाणी कशाला लागलं असतं?

बाबा निगेटिव्हवर पेन्सिलनं टचिंग करायचे. ग्राफाइटचा थर चढला की प्रिंटमध्ये तेवढा भाग उजळतो. एका चेहऱ्याला अर्धा तास. आता बोटानं एक पट्टी सरकवायची. मागणी मात्र तीच, आणि पुण्यात तिला एक शेपूट असतं: डोळे घारे असतील तर ते नीट दिसू देत. त्याच घाऱ्या डोळ्यांना आमची आजी ‘मांजरडोळ्या, भरवसा नाही’ म्हणायची.

सगळंच शिकवलेलं असतं, असं मी म्हणत नाही. नवजात बाळंसुद्धा काही चेहऱ्यांकडे जास्त वेळ बघतात. पण २०१५मध्ये ५४७ एकरूप जुळ्यांच्या जोड्यांना आणि २१४ साध्या जुळ्यांच्या जोड्यांना तेच २०० चेहरे दाखवले. जनुकं सारखी असूनही एकरूप जुळ्यांच्या आवडी वेगळ्या निघाल्या. प्रत्येकाची स्वतःची अशी जी आवड असते, ती बहुतेक ज्याच्या त्याच्या अनुभवातून आलेली.

सवयीचा जोर स्टुडिओत रोज दिसतो. ‘मी असा कुठे दिसतो?’ गिऱ्हाईक म्हणतं. बायको म्हणते, ‘असाच दिसतोस.’ दोघंही खरं बोलतात, कारण तो स्वतःला आरशात उलटा बघतो आणि ती सुलटा. १९७७ साली अमेरिकेत याचा प्रयोग झाला: लोकांना स्वतःचा उलटा फोटो आवडला, मित्रांना सुलटा. बाबा हे प्रयोगाविना जाणून होते. फारच कटकट करणाऱ्याचा पासपोर्ट फोटो ते निगेटिव्ह उलटी घालून छापायचे. बायकांच्या फोटोला ते जमत नसे. नथ उजवीकडे गेली, पदर उजव्या खांद्यावर आला की चोरी पकडली जायची.

काकूंच्या मुलीचा रंग मी उजळ केला नाही. लाइट खिडकीच्या बाजूला घेतला, डोळ्यांखालची सावली घालवली आणि पुन्हा काढला. काकूंनी चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला आणि सहा कॉपी सांगितल्या. मुलगी एवढंच म्हणाली, “माझा भांग त्या बाजूला आहे?”