पिन की बिन?

कोल्हापुरात गंगावेशीत दूध कट्ट्यावर संध्याकाळी म्हशींच्या धारा सुरू झाल्या की आमची जागा ठरलेली. परवा आप्पा आला तो गप्पच. पेला हातात, फेस मिशीला, पण तोंडातून शब्द नाही. पिंट्यानं दोनदा डिवचल्यावर बोलला.

आप्पा शिरोलीला एका फौंड्रीत, म्हणजे धातू ओतून कास्टिंग करायच्या कारखान्यात, इन्स्पेक्शनला आहे, वीस वर्षं झाली. सकाळी इंग्लंडच्या गिऱ्हाइकाचा फोन होता. साचा जुळवायची पिन झिजली होती, ती बदलली, एवढंच सांगायचं होतं. आप्पानं तीनदा सांगितलं, "वुई चेंज्ड द पिन." तिकडून तीनदा प्रश्न, कुठला बिन? भंगाराचा का? शेवटी शेजारच्या नव्या पोरानं फोन घेतला, तेच वाक्य म्हटलं आणि काम झालं.

"वीस वर्षं कास्टिंग बघालोय, आणि मला पिन म्हणता येत न्हाई?" आप्पाचा आवाज खरंच पडला होता.

पिंट्या लगेच उसळला. पापाच्या तिकटीला त्याचं चपलांचं दुकान आहे. "बेंगळुरू, चेन्नईची गिऱ्हाइकं येत्यात, दिवसभर इंग्रजीच बोलतो मी. एकानं इचारलं न्हाई कधी की काय म्हणालास. आपलं इंग्रजी आपल्यासारखंच असणार, मर्दा. त्यांना कळत न्हाई तर त्यांनी कान धुवावेत."

मी मराठी शाळेत इंग्रजी शिकवतो, त्यामुळे सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. पिंट्याचं निम्मं खरं आहे, असं मी म्हटलं, आणि उरलेल्या निम्म्यावर तासभर वाद झाला.

बेंगळुरूच्या माणसाला पिंट्याचा प कळतो, कारण त्याचाही प तसाच असतो, श्वास न सोडता म्हटलेला. इंग्रज माणूस शब्दाच्या सुरुवातीचा प म्हणतो तेव्हा ओठ उघडताना हवेचा झोत बाहेर पडतो. तो झोत ऐकू आला नाही की त्याच्या कानाला ब वाटतो. क आणि ट यांचंही तेच. गंमत अशी की त्याच शब्दाच्या आधी स आला, स्पिन झालं, की झोत गायब. त्याला स्वतःलाही हे माहीत नसतं, आपल्याला पळ आणि फळ यांतला फरक कुणी शिकवावा लागत नाही तसंच.

"म्हंजे फिन म्हणायचं?" आप्पा.

आताचा फ नव्हे. आता बरेच जण फळ म्हणताना वरचे दात ओठाला लावतात. माझी आजी फणस म्हणायची तेव्हा दोन्ही ओठ मिटून उघडायची, भक्कन हवा यायची. तो फ हवा. म्हणजे जो आवाज आप्पाला सापडत नव्हता तो त्याच्या घरात, मराठीतच पडून होता. मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे. पोरांना आम्ही वर्गात सांगतो, इंग्रजीच्या तासाला मराठी बाजूला ठेवा. उलट मराठीच हाताशी घ्यायला हवी.

पिंट्या ऐकणारा नव्हता. "मग उद्या नाकातनं बोलाय शिकवशील. गोऱ्यासारखं तोंड वाकडं करायचं का?"

नाही. गोऱ्याची नक्कल करायची नाही, फक्त जिथं समजण्यात अडतं तेवढं दुरुस्त करायचं. थँक्यूमधला थ आपण दातावर दाबून म्हणतो, इंग्रज माणूस जीभ दाताशी नुसती टेकवून हवा सोडतो. आपला थ ऐकून कुणी चक्रावत नाही. राहू दे तसाच. व्हेस्ट आणि वेस्ट, म्हणजे बनियन आणि पश्चिम दिशा, हे मात्र वेगळं ऐकू यायला हवं. आपल्या लिहिणाऱ्यांनी ही सोय कधीच करून ठेवलीय: व्हॅन लिहितो आणि वॉच लिहितो. व्ह दिसला की वरचे दात खालच्या ओठाला, व दिसला की ओठांचा चंबू. लिहिताना पाळतो ते बोलताना सोडून देतो.

त्याहून मोठी अडचण आघाताची. मराठीत शब्दाच्या कुठल्या भागावर जोर दिला म्हणून अर्थ बदलत नाही, आपण सगळी अक्षरं जवळजवळ सारख्या वजनानं म्हणतो. इंग्रजी ऐकणारा शब्दातला जड भाग धरून शब्द ओळखतो. आप्पा दिवसातनं पन्नास वेळा कॉम्पोनंट म्हणतो, जोर कॉमवर. तिकडं जोर पो वर असतो आणि कॉमचा नुसता पुसट कम होतो. फर्नेसचं फर्निस, सरफेसचं सर्फिस, डॅमेजचं डॅमिज. शेवटचा भाग गिळायचा. आप्पानं हे चारही शब्द त्याच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतले, आणि "हे कुणी सांगितलंच न्हाई की" म्हणाला.

हे मला लागलं. राज्यात मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीला इंग्रजी आहे. तरी कान तयार करायला वेळ देत नाही आम्ही. स्पेलिंग घोकून घेतो. अक्षरं २६, आवाज ४४ च्या आसपास, मग घोकून कसं जमणार? कॅक्स्टन नावाच्या इंग्रज मुद्रकानं १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना टाकला, स्पेलिंगं हळूहळू बसत गेली, आणि त्याच सुमाराला आणि पुढच्या दोन-तीन शतकांत लांब स्वरांचे उच्चार सरकत राहिले. नाईफमधला के पूर्वी म्हणायचे, पुढं म्हणायचा थांबला, लिहायचा राहिला. डेटमधला बी तर कधीच बोलत नव्हते, पंडितांनी लॅटिनकडे बघून तो मागाहून घुसडला. पोर विचारतं "सर, हा बी कशाला?" तेव्हा त्याला हे सांगायला हवं. ते मठ्ठ नाही.

एवढ्यात वैनी आल्या, आप्पाला न्यायला. उभ्या उभ्या ऐकत होत्या. म्हणाल्या, "भावजी, ते इंग्रजीतलं अ आणि द मला अजून जमत न्हाई. आपल्यात असलं काय न्हाईच."

मी म्हटलं, आहे की. "पोरगी बघायला गेलो" आणि "पोरीला बघायला गेलो" यांत फरक काय?

वैनी हसल्या. "पयलं लग्नाचं. कुठली तरी पोरगी. दुसरी ठावकी असलेली, दवाखान्यात असंल न्हाईतर."

झालं. कुठली तरी ती अ, ठाऊक असलेली ती द. मराठी हे काम ला लावून करते, तेही सगळीकडे नाही, म्हणून नियम जसाच्या तसा उचलता येत नाही. पण फरक कळायला वैनींना एक क्षणही लागला नाही. आप्पाच्या मेलमध्ये "अ कास्टिंग" नाकारलं आणि "द कास्टिंग" नाकारलं यांत किती पैशाचा फरक पडतो ते आप्पाच सांगेल.

काळाचंही तसंच. "मी काल आलोय" आपण सहज म्हणतो, म्हणून "आय हॅव कम यस्टरडे" तोंडात येतं. तिथं काल आला की हॅव जातो. "दोन वर्षांपासून" आणि "सोमवारपासून" दोन्हीला आपला पासून एकच, त्यांचे दोन: मुदतीला फॉर, सुरुवातीच्या क्षणाला सिन्स. चूक का होते ते एकदा कळलं की सुटते. नुसती लाल शाई मारून सुटत नाही.

पिंट्यानं शेवटचा डाव टाकला. "आपण त्यांचं एवढं शिकायचं, त्यांनी आपलं काय घेतलं?"

मुंगूस घेतलं. इंग्रजीतलं मंगूस मराठीतनंच गेलंय. आणि गूसचं अनेकवचन गीस होतं म्हणून मंगूसचं मंगीस करायचं नाही, मंगूसेस. पिंट्याला हे फार आवडलं. उद्या गिऱ्हाइकाला सांगतो म्हणाला.

आप्पानं तोवर खिशातली पेट्रोलची पावती काढून ओठांसमोर धरली होती. पिन. पावती हलली नाही. पुन्हा पिन. चौथ्या वेळेला, आजीचा फणस आठव असं मी म्हटल्यावर, पावती फडफडली. धार काढणारा गवळीसुद्धा हात थांबवून बघत होता. "आता स्पिन," मी म्हटलं. पावती जागची हलली नाही.

"आणा इकडं," म्हणून वैनींनी पावती घेतली.